सांडू, पाव्हणा आणि मधली दोरी

सांडू धनगराच्या तोंडाला सगळं गाव वचकून होतं. जाफराबादपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे गाव तसं भित्रं नाही. इथली माणसं वीज मंडळाच्या माणसाला दमात घेतात, एसटी थांबली नाही तर रस्त्यात बाज आडवी टाकून बसतात. पण सांडू समोरून येताना दिसला की भले भले उगाच मोबाईल कानाला लावत.

त्याच्या घशाला दोन कामं होती. पहिलं मेंढरांचं. टेकडीवरून त्यानं एक हाक दिली की नाल्यापलीकडे पांगलेली सत्तर-ऐंशी मेंढरं चरणं सोडून त्याच्याकडे चालू लागत. दुसरं काम माणसांचं, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुंजाराम पाटील ग्रामपंचायतीला उभे राहून पडले, तेव्हा सगळं गाव त्यांच्या ओसरीवर दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून बसलं होतं. सांडू पायरीशी उभा राहून म्हणाला, "पाटील, मतं माह्याकडं मागायची होती. माही मेंढरं कुणाच्या बी मागं जातेत." या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पाटलांना त्या निवडणुकीत किती मतं पडली हे आज कुणाला आठवत नाही, हे वाक्य मात्र शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

मागच्या साली श्रावणात सांडूच्या घशात गाठ निघाली. चाळीस वर्षं गालात तंबाखूचा बार धरून बसलेल्या माणसाला गाठ झालीच कशी, याचं खुद्द सांडूला मोठं आश्चर्य वाटलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला आणि आवाजाची पेटी काढून घेतली. गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक राहिलं आणि श्वास आता तिथून येऊ-जाऊ लागला. तोंडातून हवाच निघत नाही म्हटल्यावर बोलणं गेलं, शीळ गेली, चहावर फुंकर मारणंसुद्धा गेलं. लिहून दाखवावं तर सांडूची शाळा दुसरीत आटोपलेली, आणि तीही गुरुजींच्या विनंतीवरून.

गाव भेटायला आलं. भेटायला म्हणजे खात्री करून घ्यायला. नऊ वर्षं, पंधरा वर्षं जुने घाव घेऊन माणसं आली, सांडूच्या बाजेशेजारी बसली आणि मोठ्या मायेनं त्याच्या बंद तोंडाकडे बघत राहिली. पुंजाराम पाटील तर केळी घेऊन आले.

"सांडू, आता आराम कर बाबा," पाटील म्हणाले. "लई बोललास जन्मभर."

सांडूनं आधी पाटलांच्या मोटारसायकलीकडे बोट केलं, मग रस्त्याकडे, आणि शेवटी स्वतःच्या पायातली चप्पल उचलून दाखवली. याहून स्पष्ट बोलणं त्याला आवाज असतानाही जमलं नव्हतं.

पाटलांनी सुगंधाबाईकडे पाहिलं. ती दाराशी पदर सावरत उभी होती.

"ते म्हणून राह्यले," सुगंधाबाई म्हणाली, "पाटील एवढा रस्ता तुडवत आले, चप्पल झिजवली, लई बरं वाटलं. चहा घेतल्याबिगर जाऊ नका."

सांडूनं कपाळावर हात मारून घेतला.

"साखर कमी टाकायची म्हणून राह्यले," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला. सांडू हातवारे करी आणि सुगंधाबाई त्यांचा तर्जुमा करी. त्यानं कुणाच्या सात पिढ्या काढल्या की तिच्या तोंडून पोराबाळांची खुशाली निघे. कुणाला गाढव म्हणावं तर ती बैलजोडीची चौकशी करी. सांडूची खात्री पटली की बायको सूड उगवते आहे. तिच्या भाकरीला तो तीस वर्षं टायरचा तुकडा म्हणत आला होता. आता तिची पाळी होती. तो दात-ओठ खाई, आणि ती शांतपणे सांगे, "दाढ दुखून राह्यली त्यांची."

माणसांचं एक वेळ राहू द्या. मेंढरांना तर्जुमा चालत नव्हता. सुगंधाबाईनं टेकडीवर उभं राहून हुबेहूब सांडूसारखी हाक मारून पाहिली. मेंढरांनी माना वर केल्या, कोण आहे ते बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. त्यांना एकच घसा माहीत होता. वर्षभर वसंता नावाच्या भाच्यानं कळप गावाजवळच्या गायरानात कसाबसा फिरवला. मग त्याला अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर काम लागलं. दसऱ्यानंतर जाणार म्हणाला.

काम लावून दिलं होतं रामप्रसादनं. रामप्रसाद म्हणजे सांडूचा जावई, रेणुकाचा नवरा, त्याच कारखान्यात नोकरीला. माणूस इतका चांगला की त्याच्यावर रागावायला जागा सापडत नसे, आणि सांडूला हीच त्याची मोठी खोड वाटे.

"मामा, किती दिवस ऊन खाता आता?" तो आदल्या दिवाळीला आला तेव्हाच म्हणाला होता. "मेंढरं देऊन टाकू. व्यापारी माह्या ओळखीचा हाय. तुमी दोघं आमच्याकडं चला. कॉलनीत एका सायबाच्या बंगल्यावर वॉचमन पाहिजे. बसून काम हाय, बिलकुल तरास न्हाई."

वॉचमन! चोर आला तर काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? सांडूनं गळ्याभोवतीचं उपरणं बाजूला केलं, भोकाकडे बोट दाखवलं आणि मग दोन्ही हातांनी जावयाला कोपरापासून नमस्कार केला.

"ते म्हणून राह्यले, विचार करून सांगतो," सुगंधाबाई म्हणाली.

पण सांडूला त्या दिवशी खरोखर भीती वाटली. आवाज गेला तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती. बापानं त्याला बारा मेंढरं दिली होती, त्यांची त्यानं ऐंशी केली होती. ती गेल्यावर आपण कोण, हे त्याला कुठल्याच हातवाऱ्यानं सांगता आलं नसतं.

त्याच दिवाळीत रेणुकानं त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बापाचं मन रमावं एवढाच तिचा हेतू होता. परदेशातला हिरवागार डोंगर, तीनेकशे मेंढरं, टोपीवाला एक म्हातारा आणि एक काळंपांढरं कुत्रं. म्हातारा जागचा हलत नव्हता, काठी तेवढी इकडेतिकडे करत होता. कुत्रं पोटावर सरपटत डावीकडून जाई, उजवीकडून येई, आणि तीनशे मेंढरं शहाण्यासारखी फाटकातून आत जात. रेणुकाचं बाळ मांडीवर झोपलेलं होतं, म्हणून तिनं मोबाईलचा आवाज बंद ठेवला होता. सांडूनं तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. जगाच्या पाठीवर कुठेतरी एक मुका म्हातारा नुसत्या काठीवर तीनशे मेंढरं राखतो, हे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो म्हातारा मुका नव्हता. अख्ख्या व्हिडिओभर तो शीळ घालत होता, मधूनच खणखणीत आवाजात ओरडतही होता. हे सांडूला पुढे चार महिन्यांनी, आवाज चालू असलेल्या मोबाईलवर कळलं. तोवर पिल्लू घरात आलेलं होतं आणि माघार घेणं सांडूच्या घराण्यात नव्हतं.

पिल्लू आणलं भोकरदनकडच्या मच्छिंद्रकडून. मच्छिंद्र सांडूचा चुलतभाऊ, त्याच्या कुत्रीनं लांडग्याला पळवून लावल्याची ख्याती होती. धनगराच्या घरात कुत्रं वाढवायची एक रीत आहे. पिल्लू चालायला लागलं की आईपासून काढून कोकरांत सोडायचं. जिचं कोकरू दगावलंय अशी मेंढी बघायची, पिल्लाला तिच्याच दुधानं माखायचं आणि तिच्या आचळाला लावायचं. तिनं एकदा चाटलं की झालं. असं वाढलेलं कुत्रं मेंढराला जन्मात दात लावत नाही. सांडूनं सगळं रीतसर केलं. बांडी नावाची मेंढी, कळपात सगळ्यांत पुढे चालणारी आणि सगळ्यांत आगाऊ, तिचं कोकरू नुकतंच गेलं होतं. तिनं पिल्लू हुंगलं, दोनदा ढुशी दिली आणि तिसऱ्यांदा चाटलं.

रीत उत्तम होती. फक्त ती राखणीच्या कुत्र्याची होती. मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्याच्या मनात मेंढरांविषयी थोडा तरी वाईट विचार असावा लागतो. त्या वाईट विचाराला भिऊनच मेंढरं वळतात. या कुत्र्याच्या लेखी बांडी आई होती आणि बाकीच्या सगळ्या मावश्या. सांडूच्या आज्यापणज्यानं कुत्र्यानं मेंढरं हाकल्याचं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही चूक दाखवायला घरात जाणतं असं कुणी नव्हतं.

नाव सुगंधाबाईनं ठेवलं. सांडूला हाक मारता येत नाही म्हटल्यावर नाव ठेवायचा हक्कही तिनंच घेतला. खातो, बसतो, काम सांगितलं की तोंडाकडे बघतो, म्हणून पाव्हणा. रामप्रसाद मुक्कामाला आला की दोन दिवस कुत्र्याला नावच नसे.

आषाढात पाव्हणा सात महिन्यांचा झाला आणि शिक्षण सुरू झालं. सांडूनं काठीच्या खुणा ठरवल्या. जमिनीवर एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. अंगणात, हातात भाकरीचा तुकडा असताना, पाव्हण्याला हे पहिल्याच दिवशी कळलं. सांडूची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी त्यानं कुत्र्याला गायरानात नेऊन कळपाच्या मागे उभं केलं आणि दोन ठोके दिले. पाव्हणा निघाला, कळपात शिरला, बांडीच्या बाजूला जाऊन लागला आणि मान खाली घालून तिच्या पावलाशी पाऊल मिळवून चालू लागला. थोड्या वेळानं त्यानं गवत हुंगलंसुद्धा. सांडूनं संतापून काठी आपटली तेव्हा मेंढरं बिचकून पळाली, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे, कान पाडून, शेपूट पोटात घालून पाव्हणा होता.

गायरानाच्या कडेला लिंबाचं झाड आहे. त्या झाडाखाली त्या दिवशी दोन माणसं बसली होती. आठवडाभरात बारा झाली. कुणी दाणे आणी, कुणी चहाची किटली. टीव्हीवर एवढं चांगलं काही नव्हतं.

पंधरा दिवस सांडूनं समजावून बघितलं. मुक्या माणसानं कुत्र्याला समजावणं हे बघण्यासारखं असतं. तो हात जोडी, हात उगारी, पाव्हण्याचं तोंड धरून त्याला मेंढरांकडे फिरवी. पाव्हणा त्याच्याकडे टक लावून बघे. एवढं एक मात्र खरं होतं, ते कुत्रं सांडूवरून नजर काढत नसे. ज्या घरातला धनी कधी हाक मारत नाही, तिथल्या कुत्र्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात.

मग सांडूला दोरी सुचली. रात्री मेंढरं कोंडायला जाळीची वाघर लावतात, तिची वीस हात दोरी त्यानं सोडवली. एक टोक कुत्र्याच्या गळपट्ट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. कळपाच्या मागे डाव्या अंगाला सांडू आणि उजव्या अंगाला पाव्हणा, मध्ये मेंढरांच्या मागच्या पायांशी ताणलेली दोरी. सांडू पुढे सरकला की दोरी ओढली जाई आणि पाव्हण्याला पलीकडून तेवढंच पुढे यावं लागे. सांडू मागे आला की तोही मागे. सांडू डावीकडून उजवीकडे गेला तर कुत्र्याला फिरून डावीकडे जावं लागे, नाहीतर दोरीत मेंढरं आणि मेंढरांत दोघं अशी गुंतवळ होई. ती पहिल्या महिन्यात रोज झाली. एकदा बांडीनं दोघांना ओढत थेट नाल्यात नेलं.

साठीला टेकलेला माणूस कमरेला कुत्रं बांधून दिवसभर पळतो, याची बातमी जाफराबादच्या बाजारापर्यंत गेली. पुंजाराम पाटील मोटारसायकल घेऊन मुद्दाम बघायला आले. गाडी स्टँडवर लावून त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"गड्यांनो, मला एक समजून न्हाई राह्यलं," ते लिंबाखालच्यांना म्हणाले. "कोण कोणाला शिकवून राह्यलं?"

लिंबाखाली हशा पिकला. सांडूच्या डोक्यात एकाच वेळी चार उत्तरं आली, एकाहून एक. ती गळ्याच्या भोकातून नुसता वारा होऊन बाहेर पडली. त्यानं पाटलांकडे बघून मूठ वळली, पण त्या झटक्यानं दोरी ओढली गेली, पाव्हणा पलीकडून पुढे धावला आणि मेंढरं पाटलांच्या मोटारसायकलीवर गेली. भाकरी घेऊन आलेल्या सुगंधाबाईनं गाडी उचलून दिली आणि पाटलांना सांगितलं की ते रामराम घालून राह्यले.

गंमत अशी की, कुत्र्याचं शिकणं दूर राहिलं, सांडूच शिकत गेला. कुठून वळलं की बांडी बिचकते, किती अंतर ठेवलं की कळप पांगत नाही, कोणत्या कोकराचा पाय मागे राहतो, हे त्यानं चाळीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. हाक मारली की मेंढरं यायची, बघायची गरज काय? आता तो बघत होता. भादवा गेला, दसरा गेला. वसंता अंकुशनगरला गेला. पाव्हणा अजूनही सुटा सोडला की मावश्यांत जाऊन चालायचा.

दिवाळीनंतर सोयाबीनची रानं मोकळी झाली. या दिवसांत शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रानात बसवतात. रात्रभर कळप वाघरीत बसला की लेंडीखताचं रान तयार, बदल्यात धनगराला धान्य. सांडूचं पहिलं रान दरवर्षी पुंजाराम पाटलांचं. तिथे मेंढरं बसली की पुढची आठ-दहा रानं आपोआप ठरत. तिथे नाही बसली तर हिवाळा संपला.

"आधी तुहा आवाज होता," पाटील म्हणाले. "माह्या रानाला जायला एकच वाट हाय. एका अंगाला माही कापूस, दुसऱ्या अंगाला चुलत्याची तूर. दोनशे पावलं बैलगाडीची वाट. मेंढरू तोंड घालू राह्यलं तर तू काय करशील, हात हालवशील?"

चावडीपाशी पंधरा-वीस माणसं होती. रामप्रसादही आला होता, व्यापाऱ्याचा नंबर खिशात घेऊन. सांडूनं छातीवर हात मारला आणि पाव्हण्याकडे बोट दाखवलं.

"कुत्रं?" पाटील हसले. "बरं. ठरलं मंग. एकाही मेंढरानं माह्या कापसाला न् तुरीला तोंड लावलं न्हाई, तर आठ दिवस मेंढरं बसव. पण दोरी न्हाई पाहिजे. कुत्रं शिकलंय ना तुहं?"

"मामा," रामप्रसाद हळूच म्हणाला, "पाटलांकडं बसली तर मी मेंढरांचं नाव काढणार न्हाई. न्हाई बसली तर आईतवारी गाडी बोलावतो. जल्दी ठरवून टाकू, रोजची कटकट नको."

सांडूनं मान डोलावली. त्याला नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

शनिवारी सकाळी निम्मं गाव पाटलांच्या बांधावर जमलं. सांडूनं आयुष्यात इतकी माणसं एका जागी फक्त मतदानाला बघितली होती. वाटेच्या तोंडाशी कळप उभा होता, पुढे बांडी, मागे सांडू, आणि सांडूच्या पायाशी दोरीविना मोकळा मोकळा पाव्हणा. सांडूचा सगळा भरवसा ठोक्यांवर होता. निदान एक ठोका, दोन ठोके, एवढं तरी गाढवाला आठवेल. त्यानं काठी उचलली, आणि त्याच वेळी पलीकडच्या तुकड्यात पाटलांचं मक्याचं मळणी यंत्र सुरू झालं.

यंत्र त्याच वेळेला सुरू व्हायला पाटलांचा हात होता की नाही, हे सांगता येत नाही. सांडूला मात्र सांगता आलं असतं, फार सविस्तर. यंत्राच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, तिथे मातीवर काठीचा ठोका कोण ऐकतो? सांडूनं दोन ठोके दिले, चार दिले. पाव्हणा त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मेंढरं मात्र निघाली. वाटेत वीस पावलं गेली असतील-नसतील, बांडीनं मान डावीकडे केली. डावीकडे पाटलांचा कापूस होता, छातीएवढा, बोंडं फुटलेला. बांडीच्या मागे ऐंशी तोंडं होती.

सांडूच्या घशातून ती जुनी हाक सगळी ताकद लावून निघाली, आणि भोकातून फुस्स करून गेली. त्या क्षणी त्याला आपली मेंढरं व्यापाऱ्याच्या गाडीत चढताना दिसली.

त्यानं काठी टाकली आणि तो पळत सुटला. कापसाच्या कडेनं, वाकून, एक हात आडवा धरून, पाच महिने गायरानात पळला होता तसा. बांडीच्या बरोबरीला येऊन त्यानं तिच्या तोंडासमोर हात घातला. बांडी दचकली आणि उजवीकडे वळली, तुरीकडे. संपलं, असं म्हणून सांडूनं मान वर केली.

तुरीच्या कडेला पाव्हणा होता. सांडू डावीकडून जेवढा पुढे आला होता, तेवढाच तो उजवीकडून पुढे आला होता. मध्ये दोरी नव्हती, पण त्याला ती अजून दिसत असावी. त्याची नजर मेंढरांवर नव्हतीच, ती सांडूवर होती. बांडीनं आपल्या या लेकराला एक ढुशी दिली. पाव्हणा जागचा हलला नाही, कारण सांडू जागचा हलला नव्हता.

सांडू एक पाऊल पुढे गेला. पलीकडून पाव्हणा एक पाऊल पुढे आला. सांडू मागे आला, एका कोकराला वाटेला लावलं. पाव्हणाही मागे गेला आणि त्याच्या बाजूच्या कोकराला नाक लावलं. मग सांडूला समजलं आणि तो पळू लागला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. गळ्यातून भात्यासारखा आवाज येत होता, उपरणं कुठं पडलं त्याला ठाऊक नव्हतं. ऐंशी मेंढरं दोघांच्या मधून, बैलगाडीच्या चाकोरीतून, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखी पाटलांच्या मोकळ्या रानात उतरली.

मळणी यंत्र कुणीतरी बंद केलं. पाटील वाटेनं चालत आले, दोन्ही कडा निरखत. कापसाची एक फांदी मोडलेली सापडली. ती सांडूच्या कोपरानं मोडली होती, आणि ठराव मेंढराच्या तोंडाचा होता. पाटलांनी फांदी हातात फिरवून टाकून दिली. रामप्रसाद बांधावर उभा राहून मोबाईलवर सांगत होता, "न्हाई, न्हाई, आईतवारी येऊ नका. बिलकुल येऊ नका."

पण पाटील हरूनही गप्प बसणारे नव्हते. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारा सांडू आणि जीभ बाहेर काढून धापा टाकणारा पाव्हणा शेजारी शेजारी उभे होते. पाटलांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"कुत्रं शिकलं खरं, मानलं पाहिजे," ते बांधावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पण दोघांतलं कोणतं?"

सगळा बांध हसला. रामप्रसादसुद्धा हसला आणि मग खोकल्यासारखं करू लागला.

सांडू सरळ उभा राहिला. त्यानं नेहमीप्रमाणे डोक्यात उत्तर शोधलं आणि त्याला काहीच सापडलं नाही. राग यायला हवा होता, तो आला नाही. मेंढरं रानात बसली होती, बांडी रवंथ करत होती. त्याला एवढं हलकं वाटत होतं की त्यानं पुंजाराम पाटलांना दोन्ही हात जोडले, मनापासून. मग छातीवर हात ठेवला, आणि चूल मांडलेल्या झाडाकडे बोट करून पेला ओठाला लावल्याची खूण केली. चला पाटील, चहा घेऊ. साठ वर्षांत त्यानं कुणाला काढलेला हा पहिला सरळ शब्द होता, आणि तोही हातानं.

पाटील सवयीनं सुगंधाबाईकडे वळले. "काय म्हणून राह्यला?"

सुगंधाबाई सांडूच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. त्याचं पडलेलं उपरणं तिनं वाटेतून उचलून आणलं होतं, ते तिनं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"ते म्हणून राह्यले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार तुरीच्या पलीकडे गेला, "मेंढरं वळाले, कुत्रं वळालं, ह्या वयात मी बी वळालो. गावात वळायचे एकटे पाटीलच राह्यलेत. दोरीचं एक टोक आजपासून मोकळं हाय, पाटलांनी जरूर यावं."

बांधावर जो हशा उठला त्यानं बसलेली मेंढरं उभी राहिली. पाटलांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि मान हलवत म्हणाले, "बोलला रे! सव्वा वरसानं सांडू बोलला!" आणि चुलीकडे चालू लागले.

सांडू बायकोकडे बघतच राहिला. म्हणजे इतके दिवस हिला सगळं येत होतं. त्याचं एकेक वाक्य तिनं गिळून, सांभाळून ठेवलं होतं. तो हसू लागला. हसण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले आणि डोळे भरून आले. सुगंधाबाईनं जवळ येऊन उपरणं त्याच्या गळ्याभोवती नीट बांधलं.

"बराबर सांगितलं ना?" तिनं हळूच विचारलं.

सांडूनं मान हलवली. बराबर, बिलकुल बराबर. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्याला तिच्या सांगण्यात एकही चूक सापडली नाही.